नाकातली नळी

मोठ्या मॅडमना जांभई आली तरी त्या आधी पुरावा मागतील, असं त्यांच्या हाताखालचे डॉक्टर पाठीमागे म्हणायचे. हे मॅडमच्या कानावर आलेलं होतं आणि मनातून त्यांना ते आवडायचंही. म्हातारपणीच्या आजारांवर त्यांनी उभी हयात घालवली होती. सरकारी दवाखान्यांतल्या डॉक्टरांनी कुठल्या रुग्णाला काय द्यावं नि काय देऊ नये, हे ठिकठिकाणचे अभ्यास पारखून ठरवणारी एक समिती होती, तिच्या त्या अध्यक्ष. समितीच्या सूचनांतली एक त्यांच्या खास जिव्हाळ्याची होती. स्मृतिभ्रंश शेवटच्या टप्प्याला गेलेल्या माणसाने खाणं सोडलं, तर त्याच्या नाकातून पोटात नळी घालू नये. नळीने आयुष्य वाढत नाही, हाल तेवढे वाढतात. चमच्याने जाईल तेवढं हाताने भरवावं.

एका प्रशिक्षणात मागच्या रांगेतून एक तरुण डॉक्टर उठला होता. म्हणाला, "मॅडम, पटतं सगळं. पण मुलगी समोर येऊन रडते, आई उपाशी मरतेय म्हणते. तिला काय सांगायचं?"

"सांगायचं, नळीचा उपयोग होतो असा पुरावा नाही," मॅडम म्हणाल्या. "रडण्याने अभ्यासाचे निष्कर्ष बदलत नाहीत."

सभागृहात हशा पिकला. तो डॉक्टर कानकोंडा होऊन खाली बसला.

मॅडमची आई त्यांच्या धाकट्या भावाकडे राहायची. भावाचं चष्म्याचं दुकान होतं, वरच्या मजल्यावर घर. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. आईला गेली काही वर्षं कोणीच ओळखू येत नव्हतं. भावाला ती आपला भाऊ समजून "दादा" म्हणायची, आणि तोही निमूटपणे ओ द्यायचा. मॅडम सणासमारंभाला यायच्या, औषधं तपासायच्या, दोन सूचना करून परत जायच्या. आईचं खाणं कमी होत चाललं तेव्हा भावाने फोन केला होता. मॅडमनी त्याला नळीचं सगळं नीट समजावून सांगितलं. त्याने ते अगदी मनावर घेतलं. दुपारचं दुकान बंद ठेवून तो आईजवळ बसायचा. कुस्करलेलं केळं, गार केलेलं सूप, एकेक चमचा. कोणी म्हणालं, अरे नळी का घालत नाहीस, तर छाती फुगवून सांगायचा, "आमच्या ताईनेच तो नियम केलाय."

मग आईला न्यूमोनिया झाला आणि दवाखान्यात ठेवावं लागलं. ताप उतरला, पण खाणं जवळजवळ थांबलं. मॅडम रजा टाकून आल्या.

खाटेवर आई आहे हे त्यांना क्षणभर कळलंच नाही. गालांची हाडं वर आलेली, मनगट एवढंसं. असे रुग्ण त्यांनी आयुष्यभर पाहिले होते, पण त्यांतल्या एकीनेही त्यांची वेणी घातलेली नव्हती. त्या चमचा घेऊन बसल्या. आईने तोंड घट्ट मिटलं आणि भिंतीकडे मान फिरवली. पुन्हा चमचा पुढे केला, तेव्हा म्हणाली, "बाई, तुम्ही जा आता."

मॅडम उठल्या त्या तडक डॉक्टरांच्या खोलीत गेल्या. टेबलामागे तोच तरुण डॉक्टर बसला होता, मागच्या रांगेतला. तो गडबडीने उभा राहिला.

"नळी घाला," मॅडम म्हणाल्या.

"मॅडम... आपली सूचना तर..."

"सूचना मला सांगू नका. मी लिहिलीय ती. आई उपाशी आहे माझी."

सभागृहातलं त्याला आठवत होतं की नाही, कोण जाणे. मॅडमना मात्र लख्ख आठवलं, आणि आठवूनही त्या मागे हटल्या नाहीत.

दारात भाऊ उभा होता. "ताई, तूच म्हणाली होतीस ना, नको म्हणून? सकाळी तिने माझ्याकडून थोडं घेतलं. हळूहळू घेईल."

"डॉक्टर मी आहे की तू?"

आयुष्यात कधी त्या त्याच्याशी असं बोलल्या नव्हत्या. भाऊ बाजूला झाला.

नळी घालताना मॅडम बाहेर थांबल्या. आतून आईचं ओरडणं ऐकू येत होतं. "दादा, दादा!" भाऊ आत होता, तिचा हात धरून. तिला धरून ठेवण्यासाठीच त्याला थांबवून घेतलं होतं.

संध्याकाळी आईने नळी उपसून काढली. नाकातून रक्त आलं. नर्सने विचारलं, "परत घालायची का?" मॅडमनी मान हलवली, घाला. या वेळी आईच्या दोन्ही हातांना जाड कापडी मोजे चढवले आणि पट्टीने खाटेला बांधले. मोजे कसले, पिशव्याच त्या. आई ते हात ओढायची, दमायची, पुन्हा ओढायची. नळीतून पोटात व्यवस्थित अन्न जात होतं. कागदावर सगळं ठाकठीक.

दुसऱ्या दिवशी मॅडम खाटेशी बसल्या असताना आई पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट बघून बोलली. आवाज अगदी खालचा, आर्जवाचा.

"बाई, मी काही चोरलं नाही हो. मला सोडा."

मॅडमच्या अंगाची कोणीतरी सालटं काढावीत तसं झालं. त्यांच्या सूचनेच्या कारणांत हेच तर लिहिलेलं होतं: रुग्ण नळी ओढतात, मग त्यांना बांधावं लागतं. किती सहज लिहिलं होतं! ते खरं आहे हे ठाऊक असूनही स्वतःची भीती शमावी म्हणून त्यांनी आईला बांधलं होतं. आईसाठी नव्हेच, आपल्याला बघवेना म्हणून.

त्यांनी स्वतःच पट्ट्या सोडल्या. तरुण डॉक्टरला बोलावून म्हणाल्या, "काढा ही. चुकले मी." तो घाईने म्हणाला, "असू द्या मॅडम, आईच्या बाबतीत कोणाचंही होतं असं." या समजूतदारपणाने त्या अधिकच खजील झाल्या. असं दुसऱ्या कोणाचं झालं होतं तेव्हा त्यांनी सभागृह हसवलं होतं. तेही त्यांनी त्याला बोलून दाखवलं. तो म्हणाला, "मला त्या दिवशी खरंच उत्तर हवं होतं. अजूनही हवंय."

आईला घरी आणलं. मॅडम थांबल्या. भरवायला लागल्यावर त्यांना कळलं, की एका वाक्यात लिहून मोकळं व्हायचं हे काम नव्हे. पाठ अवघडते, सूप गार होतं, आई थुंकते, मग तासाभराने उगाच हसून दोन चमचे घेते. काही दिवस ती त्यांच्या हातून खायची, काही दिवस नाही. भाऊ मधे पडला नाही, की त्याने झालेलं कधी बोलून दाखवलं नाही. एकदा तरी त्याने चिडावं म्हणून त्या वाट बघत राहिल्या. शेवटी न राहवून त्याच म्हणाल्या, "तुला मी त्या दिवशी फार टाकून बोलले."

"हं," तो म्हणाला. "लागलं मला." आणि चष्म्याची काच पुसत राहिला. त्याने तेवढंच म्हटलं, आणि ते बरोबरच होतं.

आई गेली तेव्हा थंडी सरत आली होती. झोपेतच गेली, हात मोकळे.

समितीच्या पुढच्या बैठकीत मॅडमनी झालेलं सगळं सांगितलं. सदस्य समोरच्या कागदांकडे बघत राहिले. मूळ सूचना आहे तशीच राहिली, कारण ती बरोबर होती. घरच्यांशी बोलायला डॉक्टरने वेळ काढावा, भरवायचं कसं ते नर्सने शेजारी बसून शिकवावं, एवढं त्यांनी जोडायला लावलं. कोणी विरोध केला नाही. चहा आला, लोक दुसऱ्या विषयाकडे वळले. अध्यक्षपद सोडते असंही त्या म्हणाल्या, पण ते कोणी मनावर घेतलं नाही, आणि त्यांनीही फार ताणून धरलं नाही. याचीही त्यांना नंतर लाज वाटली.

एके दिवशी भावाचा फोन आला. दुकानात एक गिऱ्हाईक बसलं होतं, त्याच्या वडिलांनी जेवण सोडलेलं. "ताई, जरा बोलतेस का?"

मॅडमनी त्या माणसाचं सगळं ऐकून घेतलं. मग नळीने काय होतं नि काय होत नाही, ते सावकाश सांगितलं. तो ऐकत होता, पण पटत नव्हतं. शेवटी म्हणाला, "डॉक्टरबाई, राग मानू नका. तुमचे वडील असते, तर तुम्ही घातली नसती नळी?"



"आईला घातली होती," त्या म्हणाल्या. "तिचे हात बांधावे लागले. तुम्हाला वेळ असेल तर सगळं सांगते."

पलीकडे खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. "सांगा," तो माणूस म्हणाला.