आबांना चालेल अशी जागा

विनीतला महाडच्या एमआयडीसीत बॉयलरवर नोकरी लागली, तेव्हा घरात आनंदाच्या आधी जागेची चिंता शिरली. लातूरचा तेलाचा कारखाना बंद पडून वर्ष होत आलं होतं, त्यामुळे नाही म्हणण्याचा प्रश्नच नव्हता. त्याच्या बायकोला, ऋतिकाला, दिवस गेले होते. आणि आई वारल्यापासून आबांना गावी एकटं ठेवायला विनीतचं मन धजत नव्हतं.

आबा, म्हणजे महिपती, स्लॅबखाली झोपत नसत. किल्लारीच्या भूकंपात त्यांची पहिली बायको आणि तान्ही मुलगी दगडमातीच्या माळवदाखाली गेल्या. विनीत त्यांच्या दुसऱ्या लग्नाचा. पुनर्वसनात मिळालेल्या घरासमोर आबांनी पत्र्याचं शेड उभारलं आणि तेव्हापासून अंथरूण तिथंच टाकलं. घरातलं कुणी त्यावरून त्यांना कधी बोललं नव्हतं.

मे महिन्यात तिघं महाडला जागा बघायला आले. कंपनीतल्या एकाने जलीलभाईंचा नंबर दिला होता. ते रिक्षा चालवत आणि भाड्याच्या खोल्याही दाखवत.

पहिली खोली बाजारपेठेच्या मागे होती. बैठी, वर पत्रा, पुढे मोकळं अंगण. आबांच्या तोंडावर पसंती दिसली. जलीलभाईंनी भिंतीवर हात ठेवला.

"रंगाखाली पट्टा दिसतो का? एकवीस सालच्या पुराचा आहे."

पट्टा विनीतच्या डोक्याच्या वर होता.

"मग लोक राहतात कसे इथं?"

"राहतात. आम्हीपण राहतो, पलीकडच्याच गल्लीत. त्या वेळी सगळं घर घेऊन पत्र्यावर बसलो होतो." त्यांनी ऋतिकाकडे बघितलं. "तुम्हाला ही खोली देऊन मी मोकळा होईन. पण बाईंची अवस्था बघून सांगतो, तळमजला घेऊ नका."

दुसरी खोली बिरवाडीच्या बाजूला, कारखान्यांजवळ. तीही पत्र्याची. रिक्षातून उतरताच वारा फिरला आणि नासक्या अंड्यांसारखा वास आला. ऋतिका गटाराशी ओकली. शेजारची बाई पाण्याचा तांब्या घेऊन आली. "रोज नाय येत गो वास," ती म्हणाली. "सवय होते हळूहळू."

जलीलभाईंनी मग रिक्षा पोलादपूरकडे वळवली. कापडे गावाच्या वरच्या अंगाला प्रयागबाई नावाच्या म्हातारीचं कौलारू घर होतं. मुलगा मुंबईला, अर्धं घर रिकामं. ओटा सारवलेला होता. आबा त्यावर टेकले आणि दिवसभरात पहिल्यांदा त्यांनी पाठ सैल सोडली. प्रयागबाईने कोरा चहा दिला.

"मागं डोंगरच आहे ना, आजी?" ऋतिकाने विचारलं. "पावसाळ्यात कसं करता?"

"जोराचा पाऊस लागला की तलाठी सांगून जातो, शाळेत जावा. आम्ही जातो. तळीये गाव दरडीखाली गेलं तवापासून जातो. त्याच्या आधी कोन जात नव्हतं."

"आणि सांगायच्या आधीच डोंगर आला तर?"

"तर काय गो. मी पन इथंच हाय ना."

आबा उठून घरामागे गेले. बराच वेळ चढाकडे बघत उभे राहिले. परत आले ते चपला घालूनच.

"चला," ते म्हणाले.

रिक्षात बसल्यावर म्हणाले, "त्या बाईला सांगा कुणीतरी. म्हणावं, इथं ऱ्हाऊ नको."

"तिला माहीत आहे, आबा," विनीत म्हणाला.

"आमालाबी माहीत होतं. वर्षभर हादरे बसत हुते."

शेवटी शहरातल्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावरची जागा ऋतिकाने निवडली. पाणी तिथवर पोचत नाही आणि वासही फारसा येत नाही. आबांनी छताकडे न बघता मान हलवली. "घ्या. ऱ्हाईन मी." ते राहू शकणार नाहीत हे विनीतला कळत होतं. पण दुसरं काय सुचवावं हे कळेना, म्हणून त्याने डिपॉझिट भरलं.

जूनमध्ये बिऱ्हाड आलं. आबा गॅलरीत जाळीला टेकून बसल्या बसल्या डुलक्या घेत. पाऊस गॅलरीत येऊ लागला तसे ते खाली, बाहेरच्या दारालगत जिन्याखालच्या फरशीवर जाऊन बसू लागले. जेवायला तेवढे वर येत.

जुलैमध्ये एका दुपारी गल्लीत पाणी चढलं. विनीत कंपनीत अडकला होता. आबांना ऋतिकाने वर बोलावून घेतलं. तळमजल्यावरची माणसं कपाटं, फ्रिज, गाद्या घेऊन जिना चढू लागली. वरच्या मजल्यावर कुणी लोखंडी कपाट ओढलं आणि छत घरघरलं.

आबा ताडकन उठले. "भाईर पडा." त्यांनी ऋतिकाचं मनगट धरलं आणि तिला दाराकडे ओढलं.

"मामा, खाली पाणी आहे." सासऱ्यांना ती मामा म्हणे.

त्यांना ऐकू जात नव्हतं. ते तिला वत्सला म्हणून हाक मारत होते. ते नाव तिने त्या घरात कधी ऐकलं नव्हतं. जिन्यात शेजारच्या दोघांनी त्यांना आवरलं, पण त्यांच्या अंगात बळ कुठून आलं होतं कोण जाणे. ते पुन्हा पुन्हा पाण्याकडे झेपावत होते आणि ऋतिकाचा हात काही सोडत नव्हते. शेवटी माणसांनी तिचा हात सोडवला आणि त्यांना उचलून घरात नेलं. ऋतिकाने बाहेरून कडी घातली.

आबा दार बडवत राहिले. ती दाराला पाठ लावून बाहेर बसली. "मामा, मी इथंच आहे. काही पडत नाही, मामा." आत ते मुलीचं आणि वत्सलाचं नाव घेत होते. संध्याकाळी आवाज थांबला. तरी पाणी उतरेपर्यंत तिला कडी काढायचं धाडस झालं नाही.

दुसऱ्या दिवशी विनीत चिखल तुडवत आला, तेव्हा आबा दाराच्या चौकटीत बसले होते. हातांची सालटं निघाली होती.

"मला गावी सोड," एवढंच ते म्हणाले.

"मामा, माझं चुकलं," ऋतिका म्हणाली.

"न्हाई बाई. तू बराबर केलंस." त्यांनी तिच्याकडे बघितलं मात्र नाही.

विनीतने त्यांना गावी पोचवलं. ऋतिका बाळंतपणासाठी लातूरला माहेरी गेली. मधल्या एका सुट्टीच्या दिवशी विनीत जलीलभाईंबरोबर पुन्हा जागा बघत फिरला. कुठली उताराखाली होती, कुठली नदीकाठी. जलीलभाईच म्हणाले, "भाऊ, तुम्हाला पाहिजे तशी जागा असती तर मी स्वतः राहिलो नसतो का?"

दिवाळीत विनीत आणि ऋतिका मुलीला घेऊन गावी गेले. आबा शेडमध्ये होते. खूप वाळले होते. ऋतिकाने बाळ पुढे केलं. त्यांनी दोन्ही हात धोतरात लपवले.

"माझ्याकडं देऊ नको," ते म्हणाले.

ती मुलीला खांद्यावर घेऊन घरात गेली.

सुट्टी संपली. लातूरच्या एसटी स्टँडवर ऋतिकाने पिशवी विनीतच्या हातात दिली. महाडला कधी नेणार, हे तिने विचारलं नाही. त्यानेही कधी येतेस म्हणून विचारलं नाही. महाडची गाडी लागली आणि तो एकटाच जाऊन मागच्या बाकावर बसला.