होमलीचा तिसरा अर्थ

मावशीच्या घरात शिरलं की समोरच, चपलांच्या कपाटाच्या वर, भिंतीवर एक कागद चिकटवलेला होता. चारी कोपऱ्यांना टेप, आणि डाग पडू नये म्हणून वर पारदर्शक प्लॅस्टिक. त्यावर इंग्रजीत एकच ओळ होती: ‘होमली प्लेस, होमली होस्ट.’

मावशीने यंदा पुढची खोली प्रवाशांना रात्रीपुरती भाड्याने द्यायला घेतली. तिची पहिलीवहिली पाहुणी, पाठीवर स्वतःपेक्षा मोठी बॅग घेऊन आलेली एक बाई, जाताना वेबसाइटवर हे लिहून गेली आणि मावशीने ते लगेच छापून आणलं. इंग्रजी तिला कामापुरतंच येतं. पण होम म्हणजे घर हे तिला माहीत होतं, आणि उरलेलं ‘ली’ लाडाचं, असं तिने स्वतःच ठरवून टाकलं. “बाहुली, सावली, होमली!” पाहुण्यांच्या चादरी बदलताना ती चक्क गुणगुणायची.

आता माझ्याबद्दल. मागच्या वर्षापर्यंत हजेरीला ‘येस मिस’ म्हणतानासुद्धा माझा आवाज चिरकायचा. यंदा शाळेत शब्दांच्या स्पर्धेत पहिली आले आणि तोंडाचा पट्टा जो सुटला तो सुटलाच. आई कामावरून येईपर्यंत मी मावशीकडे असते. तिने माझं नावच डिक्शनरी ठेवलं होतं आणि मला ते भयंकर आवडायचं.

त्या शनिवारी खालच्या मजल्यावरच्या काकू आपल्या नणंदेला घेऊन खोली बघायला आल्या. कागदापाशी थबकल्या.

“होमली म्हणजे काय गं?” त्यांनी विचारलं.

“विचारा आमच्या डिक्शनरीला,” मावशी ऐटीत म्हणाली.

मी फोन काढला. अर्थ तीन होते. पहिला: घरगुती, उबदार, आपलेपणाचा. दुसरा: साधा, बडेजाव नसलेला. छे, यात काय मजा! आणि तिसरा, हा मुख्यतः अमेरिकेतला: दिसायला सुमार.

“मावशी, आधी काढ तो कागद!” मी किंचाळलेच. “होमली म्हणजे दिसायला सुमार! जागा सुमार नि मालकीणपण सुमार!”

“अगं बाई!” काकू म्हणाल्या. “म्हणजे राहून, खाऊन, वर तोंडावर सांगून गेली की!”

“खरं बोलणारी दिसतेय,” नणंद म्हणाली आणि दोघी खोखो हसल्या. मीही हसले, सगळ्यांत मोठ्याने. मावशीसुद्धा हसली. फक्त तिने तोंडावर हात धरला होता. तिचे पुढचे दात जरा पुढे आहेत, आणि गालांवर लहानपणीच्या कांजिण्यांचे खड्डे आहेत. हे मी रोज बघते. त्या दिवशी मला ते आठवलंच नाही.

सोमवारी शाळेतून आले तर कागद नव्हता. भिंतीवर टेपचे चार चौकोन तेवढे राहिले होते. इतक्यात बेल वाजली.

“तू उघड,” मावशी स्वयंपाकघरातून म्हणाली. “तू छान दिसतेस.”

टोमणा असता तर बरं झालं असतं. पण ती ‘दूध उतू जातंय बघ’ म्हणावं तशी म्हणाली. मी दार उघडलं, पाहुण्याला किल्ली दिली, खोली दाखवली. चहासुद्धा तिने माझ्याच हाती बाहेर पाठवला. दुसऱ्या दिवशीही तेच.

रात्री जेवताना मी आईला सगळं सांगितलं. आईचा घास हातातच राहिला.

“आमच्या घरी कुणी आलं ना,” ती म्हणाली, “की आजी म्हणायची, धाकटीला पुढे कर, मोठी राहू दे आत. मी बाहेर, ताई आत. ही खोली द्यायला लागल्यापासून ती स्वतः दार उघडत होती. मला फोन करून सांगायची, आज कोण आलं, काय म्हणालं.”

“तू आजीला काही म्हणायची नाहीस?”

आईने ताटात बघितलं. “मला पुढे जायला आवडायचं.”

मलाही आवडतं.

दुसऱ्या दिवशी मावशी चादरींच्या घड्या घालत होती. मी दोन कोपरे धरले.

“मावशी, होमलीचे अजून दोन अर्थ आहेत.”

“असतील.”

“ते आधी येतात. घरगुती, उबदार, साधं. मी तेव्हाच वाचले होते.”

तिचे हात थांबले. “वाचले होतेस? मग तिसराच का सांगितलास?”

“वाटलं, त्यावर हसतील.”

“हसल्या की,” मावशी म्हणाली. आणि मग हळूच, “तिसरा खोटा आहे का?”

हो म्हणावं असं इतकं जिभेवर आलं होतं! “नाही,” मी म्हणाले. “पण त्या पाहुणीने पहिलाच धरला असणार.”

“ते तुला काय माहीत? ताण नीट.”

मी ताणली. “सॉरी, मावशी.”

“याचे किती अर्थ आहेत?”

“एकच.”

बेल वाजली. मी सवयीने उठले आणि परत बसले.

“मी नाही उघडणार.”

“का? मेंदी लावलीय पायांना?”

“मालकीण तू आहेस.”

“अगं, तो माणूस सामान घेऊन ताटकळतोय!”

“ताटकळू दे.”

बेल पुन्हा वाजली, जरा लांब. मावशीने माझ्याकडे असं पाहिलं की वाटलं, आता एक धपाटा बसणार. त्याऐवजी तिने अर्धवट घडीची चादर माझ्या डोक्यावर टाकली. मला काही दिसेना. तिच्या चपला फटफटत गेल्या आणि दारापाशी थांबल्या. खूप वेळ थांबल्या. मग कडी निघाली.

“येस, येस, कम,” मावशीचा आवाज आला, घोगरा. तो माणूस काहीतरी म्हणाला. “ओनर? मी. आय ॲम होमली.”

आणि मग खणखणीत मराठीत, त्याला कळो न कळो:

“त्यातली कुठली, ते आत विचारा. आमची डिक्शनरी चादरीखाली लपलीय.”

तो माणूस भांबावून हसला. मावशीही हसली. या वेळी तिचा हात तोंडावर होता की नव्हता, मला माहीत नाही. मी चादर काढलीच नाही.