शाबूत आटे

धम्मानंदनं जॅकवर उचललेल्या गाडीचं पुढचं डावं चाक काढलं आणि तो तसाच उकिडवा बसून राहिला. डिस्कला चिमटीत धरणारा कॅलिपर एकाच बोल्टवर लोंबत होता. चाकाच्या आतल्या कडेला त्या कॅलिपरनं खोल चर पाडला होता. ब्रेक ऑइलची नळी तिथंच घासून फाटली होती.

गाडीचा मालक भुजंग गॅरेजबाहेर बाकावर बसला होता. भादरलेल्या डोक्यावर नुकते खुंट उगवले होते. पंधरा दिवसांमागं येलदरीच्या उतारावर त्याची गाडी थांबली नाही, कडेच्या खड्ड्यात कलंडली. शेजारी बसलेली त्याची आई, कस्तुराबाई, जागीच गेली. पाहणी करणाऱ्यांनी ‘ब्रेक निकामी’ एवढंच लिहिलं. भुजंग मात्र भेटेल त्याला सांगायचा, ब्रेकवर पाय उशिरा पडला माझा.

धम्मानंदनं दुसऱ्या बोल्टाचं रिकामं भोक फडक्यानं पुसलं, आत बोट फिरवलं. आतल्या पेचाचे आटे शाबूत होते. बोल्ट तुटला असता तर तुकडा आत राहिला असता, ओढून निघाला असता तर आटे सोलले असते. हा फिरत फिरत आपसूक बाहेर आला होता. अपघाताच्या आठवडाभर आधी ब्रेकचे पॅड त्यानंच बदलले होते. त्याच वेळी लेकीचा, अर्पिताचा, नांदेडहून फोन आला होता. नर्सिंगला नंबर लागला म्हणून. हा बोल्ट नुसता हातानं लावून तो फोन घ्यायला उठला होता. त्यावर पाना फिरवलाच नव्हता.

त्यानं डिस्क बदलली, नवी नळी लावली, ब्रेकमधली हवा काढली. बोल्ट आवळताना पाना दोनदा निसटला. भोक त्यानं पाहिलं होतं. दुसऱ्या कुणी पाहिलं नव्हतं. हात न पुसताच तो बाहेर आला.

“भुजंग, तुजा पाय येळेवरच पडला व्हता. बोल्ट मी आवळला नव्हता.”

भुजंगनं वर पाहिलं नाही. तो उठेल, अंगावर धावून येईल, म्हणून धम्मानंद हात खाली सोडून उभा राहिला.

“दोन दिस चाकातून खडखड यायली व्हती,” भुजंग शेवटी म्हणाला. “माय म्हनली, आदी धम्मानंदला दाखव. मी म्हनलो, येलदरीहून आल्यावर बगू.”

भुजंगनं डोक्यावरच्या खुंटांवरून हात फिरवला.

“गाव म्हनतंय पाय उशिरा पडला. तेच ऱ्हाऊ द्या, भाऊ.”

आणि तो बाकावर जरा सरकला. ऑइलचे हात मांडीवर घेऊन धम्मानंद त्याच्या शेजारी बसला.