कोठीला आलेला ताप

बर्फाच्या कोठीत शिरण्याआधी आपला चहाचा कप दारालगतच्या फळीवर उपडा घालायचा, ही त्या प्रयोगशाळेची रीत होती. फळीवर कप म्हणजे आत माणूस. आतून दार उघडायची मूठ गोठून बसली होती. दुरुस्तीवाल्याने ती काढून नेली, जाताना घंटेची तारही तोडली, आणि "दोन दिवसांत आणतो" म्हणून गेलेला हा गृहस्थ अजून उगवला नव्हता. दाराचं रबरही झिजलेलं, बाहेरून कडी घातल्याशिवाय ते नीट लागत नसे. तेव्हा आत जाणाऱ्याचा सगळा जीव त्या कपात.

ती तिथे बर्फाचा अभ्यास करायची. त्या शनिवारी दुपारी तिचा कप नेमका घरी होता. तिच्या लेकीने, चिमणीने, त्यात रंग कालवले होते. तिने मग कपाटातला पाहुण्यांचा पांढरा कप घेतला, फळीवर उपडा घातला आणि आत गेली. बर्फाचा एक तुकडा तर कापायचा, त्याला असा कितीसा वेळ लागतो!

कोठी सांभाळणाऱ्या माणसाला सगळे थंडोबा म्हणत. आभाळ कोसळलं तरी हातातला चहा संपवूनच उठणारा, पण टापटिपीचा भारी सोस. सकाळी पाहुणे येऊन गेले होते. घरी निघताना त्याला फळीवर त्यांचा कप दिसला, तसा तो त्याने पुटपुटत विसळून कपाटात ठेवला, त्यांनीच चालू ठेवला असेल म्हणून कोठीचा दिवा बाहेरून मालवला, कडी घातली आणि तो गेला. हे सगळं तिला नंतर कळलं. आत तिला एवढंच कळलं, की डोळ्यांपुढे एकदम अंधार झाला आणि दाराबाहेर कडी वाजली.

"अहो! मी आहे आत!"

पंख्यांच्या घरघरीत तिचा आवाज तिलाच नीट ऐकू आला नाही. तिने दारावर बुक्क्या मारल्या. वीतभर जाडीचं दार ते, त्याला काय होणार! फोन बाहेर पर्समध्ये होता, कारण थंडीत तो लगेच मान टाकायचा. अंगात जाडजूड कोट होता, पण कोठीत उणे पस्तीस. सोमवारपर्यंत इथे कोणी फिरकणार नव्हतं. नवरा परगावी, चिमणी आजीकडे, आणि "दोन दिवस मी कामात बुडालेली असेन, फोन उचलला नाही तर काळजी करू नका" असं तिनेच दोघांना बजावून ठेवलेलं. आपण इथे मरणार, या कोठीतल्या बर्फासारखे कडक होऊन पडणार, हे तिला लख्ख कळलं आणि ती लहान पोरीसारखी रडायला लागली. पापण्या एकमेकींना चिकटल्या तेव्हा रडायचीही भीती वाटली.

कोठीतल्या कपाटांत लाखो वर्षांपूर्वीचा बर्फ होता. त्यातल्या बुडबुड्यांत तेव्हाची हवा कोंडलेली. ती हवा मोजून जुन्या हिमयुगांची कारणं शोधणं हेच तिचं काम. आदल्या रात्री चिमणीने विचारलं होतं, "आई, हिमयुग कोणी आणलं गं?"

"कोणी नाही. पृथ्वी किंचित वेगळी कलली. उत्तरेकडच्या उन्हाळ्यात ऊन जरासं कमी पडायला लागलं. मग हिवाळ्यातला बर्फ विरघळायचा राहिला. पांढऱ्या बर्फाने ऊन परत पाठवलं, गारठा वाढला. समुद्रानेही हवेतला ऊब धरणारा वायू गिळला, तसा आणखी वाढला."

"एवढ्याशाने?"

"एवढंसंच, पण हजारो वर्षं हटत नाही ना ते."

हटत नाही. अंधारात ती थबकली. मागच्या भिंतीवर तापमान मोजणारी धातूची कांडी होती. कोठी तापली की थंडोबाच्या फोनवर भोंगा वाजे. दाराची उघडझाप झाली तरी तो वाजायचा, म्हणून तिनेच भांडून व्यवस्था बदलून घेतली होती: ऊब अर्धा तास टिकली, तरच भोंगा. स्वतःच्या शहाणपणाला तिने सणसणीत शिवी हासडली.

चाचपडत ती भिंतीशी गेली, कोटाच्या गुंड्या काढल्या आणि ती कांडी उघड्या काखेत धरली. धातू कातडीला डसला. ती किंचाळली, पण हात उचलला नाही. ताप मोजायला बसवल्यासारखी ती भिंतीला चिकटून उभी राहिली. उघड्या कोटातून थंडी आत घुसत होती. किती वेळ गेला कोण जाणे. बोटं आहेत की नाहीत ते कळेना.

मग एकाएकी पंखे गरजले.

भोंगा वाजला होता! पण पुढच्याच क्षणी सगळा प्रकार तिच्या ध्यानात आला. थंडोबाने घरबसल्या, चहा पिता पिता, फोनवरूनच कोठीची थंडी पूर्ण वाढवली होती. कोठी तापली की तो आधी हेच करी. आकडा उतरला की फोन खिशात.

गार वारा तोंडावर आदळायला लागला. कोट मिटून खाली बसावं, असं तिचं सगळं अंग विनवत होतं. पण कांडी सोडली तर आकडा उतरणार, आणि तो निर्धास्त झोपणार. "हटायचं नाही, चिमणे," ती पुटपुटत राहिली. पुढेपुढे तिला ओठही हलवता येईनात. गुडघे वाकायला लागले, तेव्हा तिने दुसरा हात भिंतीवरच्या खिट्टीत अडकवला.

दार उघडलं, दिवा लागला. पायांत घरच्या चपला, हातात थंड पेट्या, आणि उभ्या जन्मात न धावलेला थंडोबा धापा टाकत आत शिरला.

"बर्फ! माझा बर्फ वितळला की काय!"

मग त्याला ती दिसली. पेट्या हातातून गळून पडल्या.

तिची दोन बोटं गेली. काखेत कांडीएवढा डाग कायमचा राहिला. थंडोबा दवाखान्यात रोज यायचा, चहा समोर आला तरी त्याला हात लावायचा नाही.

कामावर परतली त्या दिवशी शेजारच्या टेबलावरच्या पोरीने पडद्यावर कोठीचा आलेख उघडला. सरळ रेषेत एका जागी छोटासा उंचवटा होता.

"ताई, यंत्र बिघडलं होतं का हो तेव्हा? पुसून टाकू हे?"

तिच्या काखेत पुन्हा ते गार डसलं.

"पुसू नकोस," ती म्हणाली. "आत माणूस होतं."