सतरा नंबरचा टोन

मी एक जुना इफेक्ट प्रोसेसर आहे. नाव ऐकून दचकू नका मित्रांनो, राहू गावात एवढ्या लांब नावाने मला कुणीच हाक मारत नाही. माझे मालक पोपटराव मला नुसतं 'मशीन' म्हणतात. दिसायला मी वहीएवढा, काळा आणि पत्र्याचा. पायाने दाबायची दोन बटणं, चार गोल खुंट्या आणि दोन लाल आकडे दाखवणारी छोटी काच, एवढाच माझा संसार. लग्नाच्या वरातीत तुम्ही बेंजो पाहिला असेल. डाव्या हाताने बटणं दाबायची आणि उजव्या हाताने तारा छेडायच्या, असं ते वाद्य. त्याचा आवाज वायरीतून आधी माझ्या पोटात येतो. मी त्याला घुमवतो, लांबवतो, कधी सनईसारखा ओला करतो आणि मग स्पीकरकडे पाठवतो. टाळ्या मात्र बेंजोवाल्याला मिळतात. माझी त्याबद्दल तक्रार नाही. थोडी आहे, पण ते असो.

माझ्या पोटात चाळीस जागा आहेत. प्रत्येक जागेत एक टोन, म्हणजे आवाजाचा एक तयार साचा. कारखान्यातून निघालो तेव्हा चाळीसही टोन गिटारचे होते आणि सगळे आपले केकाटणारे. सोळा वर्षांपूर्वी पोपटरावांनी मला पुण्याहून आणलं. उसाला पाणी देऊन आले की ते मला मांडीजवळ घेऊन बसायचे आणि एकेक गिटार हाकलून तिथे आपला टोन बसवायचे. वरातीचा वेगळा, हळदीचा वेगळा, देवाच्या गाण्याचा वेगळा.

सतरा नंबरचा टोन मुलीच्या पाठवणीसाठी होता. त्याने फार छळलं. तीन दिवस पोपटराव माझ्या खुंट्या पिळत होते. आवाज कधी फार कोरडा व्हायचा, कधी फार रडका. त्यांच्या पत्नी सिंधूबाई चुलीपाशी भाकरी थापत होत्या. त्यांना गाण्यातलं काही कळत नव्हतं, निदान त्या तसं म्हणायच्या. तिसऱ्या दिवशी त्यांचा हात परातीत थांबला.

"ह्योच," त्या म्हणाल्या. "आता हात लावू नगा."

"आजून थोडा वर घेतो की."

"नगा. रडून झाल्यावर माणूस बोलतंय बघा, तसा झालाय. ऱ्हाऊ द्या."

पोपटरावांनी खुंटीवरून हात काढला आणि टोन सतरावर जपून ठेवला. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात मानाचा दिवस. त्यानंतर दौंडपासून शिरूरपर्यंत कितीतरी मुली त्या आवाजाच्या सोबतीने सासरी गेल्या. मांडवातल्या बायका पोपटरावांना सांगायच्या, "आप्पा, त्यो तुमचा आवाज लावा." मग मी लावायचो. माझ्यामुळे किती पदर ओले झाले ते विचारू नका.

पण कौतुक वाढलं तशी पोपटरावांची भीतीही वाढली. बेंजोवाल्यांमध्ये टोनची चोरी फार. दुसऱ्याच्या मशीनवरचे आकडे बघायचे, घरी जाऊन आपल्या मशीनवर तेच आकडे लावायचे, की झाला टोन आपला. म्हणून पोपटरावांनी माझ्या काचेवर काळी चिकटपट्टी लावली. त्या दिवसापासून मी आंधळ्यासारखा वाजू लागलो. कितवा टोन चालू आहे, हे पोपटराव पायाने बटण किती वेळा दाबलं त्यावरून ओळखायचे.

त्यांच्या बेंजो पार्टीत दुसरा बेंजो आनंदराव वाजवायचे, कोरेगाव भीमाचे. दोघं एका ताटात जेवायचे. आनंदरावांकडेही माझ्याच जातीचं मशीन होतं. अकरा वर्षांपूर्वी वढू बुद्रुकला एक लग्न होतं. दुपारी पोपटराव जेवायला पंगतीत बसले आणि मला आनंदरावांच्या स्वाधीन करून गेले. आनंदरावांनी इकडेतिकडे पाहिलं, माझी चिकटपट्टी हळूच उचलली आणि खिशातून छोटी वही काढली. पुढचं मी सांगणार नाही, ते त्यांच्याच तोंडून ऐका.

पंगत लांबली. पोपटराव परत आले तेव्हा चिकटपट्टीचा एक कोपरा तिरका बसला होता.

"आनंदा, काच उघडलीस?"

"न्हाई, दादा."

"माझ्या गळ्याची शपथ घे."

 शपथ आनंदरावांनी घेतली नाही आणि कबूलही केलं नाही. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद झालं. मला सगळं माहीत होतं, पण मशीनला साक्षीला कोण बोलावतं? 

दिवस बदलले. वरातीत मोठमोठे डीजे आले आणि बेंजोची बोलावणी कमी झाली. पाच वर्षांपूर्वी सिंधूबाई गेल्या. त्यानंतर पोपटराव मला क्वचितच काढायचे. काढलं तरी वरातीचे टोन वाजवत नसत. पायाने मोजून थेट सतरावर जायचे, दोन ओळी वाजवायचे आणि मला पुन्हा कपड्यात गुंडाळून ठेवायचे. त्या दोन ओळी कुणासाठी होत्या, हे सांगायला नको. माझ्या अंगावर धूळ बसली, एक खुंटी सैल झाली. पण मी सतरा नंबर सांभाळून होतो.

या वर्षी सिंधूबाईंच्या भाचीचं, सविताचं लग्न ठरलं. लग्नाला चार दिवस उरले तेव्हा सविताने स्वतः फोन केला. "काका, पाठवणीला मावशीच्या पसंतीचा टोन पायजे." पोपटराव "व्हय, व्हय" एवढंच म्हणाले आणि मला पुसायला बसले. किती दिवसांनी त्यांच्या हाताला घाई होती.

त्यांची मुलगी राजनंदिनी कॉलेजला जाते. तिला वाटलं, आप्पांना वरातीसाठी नव्या गाण्यांचे टोनही भरून द्यावेत. बेंजोवाल्यांच्या एका ग्रुपवर तिला टोनची अख्खी फाईल मिळाली. पोपटराव मला कॉम्प्युटरला कधीच जोडू देत नसत, तिथूनही टोन पळवतात अशी त्यांना धास्ती होती. म्हणून बुधवारी ते शेतात गेल्यावर तिने मला वायरीने लॅपटॉपला जोडलं. तिला वाटलं, मोबाईलमध्ये नवीन फोटो जसे जुन्यांच्या शेजारी जाऊन बसतात, तसे हे टोनही बसतील. पण मित्रांनो, माझ्याकडे चाळीसच जागा, आणि चाळीसही भरलेल्या. तिने 'सगळे पाठवा' हे बटण दाबलं. नवे टोन आत घुसले आणि जुने एकेक करून पुसले गेले. सतराची पाळी आली तेव्हा मला ओरडावंसं वाटलं. पण तार छेडल्याशिवाय मला आवाज नाही.

तिने बेंजो लावून सतरा नंबर वाजवून पाहिला. केकाटणारी गिटार निघाली; नव्या गाण्यांना तसलाच आवाज लागतो म्हणे. तिने पुन्हा वाजवला, तीच गिटार. मग ती भिंतीला टेकून खाली बसली आणि खूप रडली. आईने निवडलेला आवाज तिच्या हातून गेला होता. पोपटरावांनी त्याचे आकडे कुठे लिहून ठेवले नव्हते. कुणी वाचले तर!

एक माणूस मात्र होता. 'आनंदानं माझा टोन चोरला' हे आप्पांचं वाक्य राजनंदिनीने लहानपणापासून ऐकलं होतं. तिला ते कधीच खरं वाटलं नव्हतं. आता मात्र ते खरं निघावं म्हणून तिने देवाला हात जोडले.

गुरुवारी सकाळी कॉलेजच्या पिशवीत लॅपटॉप आणि मी, अशी तिची स्कूटी कोरेगाव भीमाला निघाली. हायवेच्या कडेला आनंदरावांचं मिक्सर आणि पंखे दुरुस्त करायचं दुकान आहे. कंपनीतला एक कामगार "चाचा, पंखा हो गया क्या?" असं विचारत उभा होता. तो जाईपर्यंत ती बाजूला थांबली. मग तिने मला काउंटरवर ठेवलं. आनंदरावांनी मला लगेच ओळखलं. त्यांचा चेहरा उतरला.

"काका, माझ्या हातनं आईचा टोन पुसला," ती म्हणाली. "सतरा नंबर. आप्पांना आजून ठावं न्हाई. तुमच्याकडं असंल तर द्या. तुम्ही घेतला न्हाई म्हणत असाल तर मी गुमान जाते."

आनंदरावांनी हातातला स्क्रू ड्रायव्हर पुसून खाली ठेवला.

"घेतला हुता," ते म्हणाले. "वढूला. घरी जाऊन मशीनला लावला आन् वाजवाया बसलो, तर हातच चालंना. दादा आन् वयनी डोळ्यापुढं यायच्या. एकदा बी वाजवला न्हाई पोरी, पण पुसला बी न्हाई."

त्यांनी कपाटातून आपलं मशीन काढलं. माझाच भाऊ तो, पण अगदी नवाकोरा दिसत होता, कारण अकरा वर्षं तो वाजलाच नव्हता. या वेळी राजनंदिनीने घाई केली नाही. आधी तिने आनंदरावांच्या मशीनमधला टोन लॅपटॉपवर घेतला, तिथे जपून ठेवला, आणि मगच मला वायर लावली. आनंदराव मात्र त्यांच्या मशीनची काच आपल्याकडे वळवून बसले होते. सतरा नंबर पुन्हा माझ्या पोटात आला. परगावाहून घरचं माणूस आल्यावर तुम्हाला होतं ना, तसं मला झालं.

"आप्पांना काय सांगू?" तिने निघताना विचारलं.

"इचारलं तर खरं सांग. म्या एकदा खोटं बोललो, त्यात अकरा वर्षं गेली."

शुक्रवारी सरावासाठी पोपटरावांनी मला अंगणात मांडलं. बटण मोजून दाबलं आणि डोळे मिटून वाजवू लागले. दोन ओळींवर ते थांबले नाहीत. पूर्ण पाठवणी वाजवली. राजनंदिनी दारात चौकट धरून उभी होती. वाजवून झाल्यावर त्यांनी पुढचं बटण दाबलं, आणि अठरा नंबरमधून गिटार केकाटली. त्यांनी आणखी दोनदा बटण दाबलं. तिथेही गिटारच.

मग राजनंदिनीने सगळं सांगितलं. लपवलं काही नाही.

"म्हंजी चोरलाच हुता," पोपटराव म्हणाले.

"व्हय. पण कवाच वाजवला न्हाई, आप्पा. त्यांनी ठेवला म्हणून आज आईचा टोन हाय."

पोपटराव उठले आणि उसाकडे गेले. तासाभराने परत आले तेव्हा पाय चिखलाने भरलेले होते. पाय न धुताच ते ओट्यावर बसले आणि मुलीला म्हणाले, "लाव त्याला फोन."

तिने फोन लावून स्पीकर चालू केला.

"आनंदा, पोपट बोलतोय."

पलीकडे कुणीतरी मिक्सर बंद केला. "बोला, दादा."

"सतरा पोचला. जसा हुता तसाच हाय."

"व्हय."

"बाकीचे एकोणचाळीस गेले माझे. तुझ्याकडं त्यातलं काय काय हाय?"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. 

"समदेच हायेत, दादा," आनंदराव हळूच म्हणाले.

पोपटरावांनी कपाळावर हात मारून घेतला. मग ते हसायला लागले, आणि हसता हसता डोळे पुसू लागले. "मग घिऊन ये," ते म्हणाले. "आन् रविवारी सविताच्या लग्नात दुसरा बेंजो तू धर. मला एकट्याला न्हाई जमायचं."

मित्रांनो, मी साधं यंत्र आहे, मोठं ज्ञान मला नाही. माझ्यासारख्या म्हाताऱ्या वस्तूला अधूनमधून फडकं मारा, वायर ओढून काढू नका, आणि नवीन काही भरण्याआधी जुन्याची एक प्रत काढून ठेवा, एवढीच माझी विनंती आहे. पण तुमच्याकडे फार आवडीचं काही असेल, तर ते आपल्या माणसाला त्याने मागण्याआधीच देऊन टाका. पोपटरावांनी तो टोन आनंदरावांना स्वतःच्या हाताने दिला असता, तर आनंदरावांनी तो अकरा वर्षं मांडवामांडवात वाजवला असता. आणि आनंदरावांच्या हातचा तो सिंधूबाईंनीही ऐकला असता.