येळवशीचे साठ मीटर

नांदेडहून सुट्टी संपवून आलेल्या श्रद्धानं रेणापूरच्या साइटवर ड्रिलिंगचं रजिस्टर उघडलं आणि तिच्या मनात पाल चुकचुकली. दोन दिवसांत साठ मीटर, आणि दर मीटरला बरोबर चाळीस मिनिटं. अहो, खडक काय शाळेचा शिपाई आहे, घड्याळ बघून घंटा द्यायला? पाणी कुठंतरी मुरत होतं. तिचा संशय होता रामलिंगवर. उदगीरचा हा जुना गडी मशीन चालवायचा आणि रजिस्टरही तोच लिहायचा.

श्रद्धा साइटची भूगर्भतज्ज्ञ, तिचं सगळं काम त्याच आकड्यांवर. खोल जावं तसा खडक कठीण होतो, वेळ जास्त लागतो. मध्येच वेळ घटला, तर समजायचं की खाली कोंडलेलं पाणी वर रेटतंय. मग भोकात सोडायचा चिखल जड करायचा, नाहीतर ते पाणी उसळणार. आणि मशीनच्या फळीवर सहा माणसं उभी. त्यांत रामलिंगचा पुतण्या व्यंकटही होता.

विचारलं तर रामलिंग ताकास तूर लागू देईना. भोक पडतंय ना, मग झालं, एवढंच. श्रद्धा स्वयंपाकाच्या पंचफुलाबाईंकडे गेली. परवा साइटवर चूल पेटलीच नव्हती म्हणे. परवा येळवस, वेळा अमावस्येचा सण! अख्खा लातूर जिल्हा शेतात भज्जी-आंबील जेवत असताना हे महाशय मशीन चालवतील होय?

सापडला एकदाचा, असं वाटून तिला मनातून बरंच वाटलं. तिनं त्याला बाजूला घेतलं. रामलिंगनं मान खाली घालून कबूल केलं. सगळे त्याच्याच शेतात जेवायला गेले होते. साठ मीटर काल एकाच दिवसात ओढले, आणि साहेबांना कळू नये म्हणून दोन दिवसांवर वाटून लिहिले.

म्हणजे मीटरला वीसच मिनिटं. तिचा संशय अजून फिटेना.

"इतक्या लवकर? ड्रिलच्या दांडीवर वजन किती टाकलंत?"

"टाकलं न्हाई मॅडम, उलट कमी केलं. आपोआप उतरून राहिली व्हती. मला वाटलं, येळवस पावली."

वजन कमी, तरी वेळ घटलेला, हे आता श्रद्धाच्या लक्षात आलं. सकाळपासून आपण माणूस धरायला धावलो, आणि खडक काय सांगतोय ते पाहिलंच नाही. तिनं मशीन आणि पंप बंद करायला लावले, माणसं खाली उतरवली. पंप थांबला की भोकातून वर येणारा चिखल थांबायला हवा.

एक मिनिट गेलं, मग दुसरं. पंप बंदच होता, आणि चिखल वर येतच होता.

रामलिंग कुणी न सांगता फळीवर चढला आणि भोकाचं तोंड बंद करणारा व्हॉल्व्ह फिरवू लागला. व्यंकट मदतीला धावला, तर रामलिंगनं त्याला मागं ढकललं.

"तू खालीच थांब. आकडे म्या लिवलेत."