विचार टांगायची खुंटी

मी एक जुनी खुंटी आहे, मित्रांनो. मेडशीच्या पलीकडच्या तांड्यात, किशनच्या घराच्या मातीच्या भिंतीत, दाराला लागूनच माझी जागा होती. आता तिथे नुसतं भोक आहे आणि मी चुलीपुढच्या सरपणात पडले आहे. चूल पेटायच्या आत थोडं सांगून घेते.

भिवाजी सुतारानं मला मोडक्या तिफणीच्या बाभळीच्या लाकडातून तासलं. भिंत ओली होती तेव्हाच आत ठोकलं आणि ओढून पाहिलं. "आता बैलानं वढली तरी निंगत नाई," तो म्हणाला. त्या कौतुकानं मी फुगून गेले. किशनचा सदरा, छत्री, भाकरीची पिशवी, ऊसतोडीचा कोयता, सारं मी सांभाळलं.

मग ललिताबाई सून होऊन आली. किशनची आई भुरीबाई दारातच तिला म्हणाली, "या घरात सुनेनं आपला इचार खुंटीले टांगायचा, अन् मंग चुलीपाशी जायचं. मीबी तसंच केलं." जमलेल्या बाया हसल्या. ललिताबाईही हसली, पण तिनं ते व्रतासारखं पाळलं. मनात काही आलं की पदर सावरायच्या निमित्तानं ती माझ्यावर हात ठेवी आणि शब्द गिळून कामाला लागे. सकाळ-संध्याकाळ देवापुढे दिवा लावताना तेवढं ती मन मोकळं करी. सदरा दुसऱ्या दिवशी उतरतो, मित्रांनो. तिचा विचार कोणी उतरवून नेला नाही.

तिला दोन मुली झाल्या, रीता आणि रविना. रीता शाळेतून आली की दप्तर माझ्यावर फेकायची. "खुंटीबाई, माहा अभ्यास सांभाळ, मी खेळून येतो!" इतकं गोड माझ्याशी कोणीच कधी बोललं नाही.

रीता दहावीला गेली त्या दिवाळीत रामसिंग मुकादम आला. तो ऊसतोडीला टोळी नेई. या कामात नवरा-बायकोच्या जोडीलाच कोयता म्हणतात, आणि एकट्या माणसाला अर्धा कोयता. रामसिंगचा पुतण्या अर्धा होता.

"किशनभाऊ, आमचा कोयता पुरा करून द्या," तो म्हणाला.

"पोरगी दहावीत हाय," किशन चाचरला.

"कायले पायजे दहावी?" भुरीबाई म्हणाली. "ऊस काय पुस्तकात पाहून तोडा लागते?"

सगळे हसले. मग रीत म्हणून रामसिंगनं विचारलं, "पोरीच्या मायचं काय म्हननं हाय?"

दाराआड उभी राहून रीता आईच्या तोंडाकडे पाहत होती. पोरीचं अंग अजून कोवळं आहे, तिला शिकायचं आहे, हे सगळं ललिताबाईला कळत होतं. पण ते सारं माझ्यावर टांगलेलं होतं. तिनं हात उचलून माझ्यावर ठेवला.

"माह्यं काय? घरातले म्हंतात तेच खरं."

लग्न होऊन जाताना रीता आईला म्हणाली, "याडी, दप्तर उतरवू नको. मी येऊन पेपर देतो."

ती आली नाही. दुसऱ्या हंगामात उसाच्या फडावरून निरोप आला. दिवस भरत आले तरी ती डोक्यावर मोळ्या वाहत होती. दवाखान्यात नेताना ट्रॅक्टरमध्येच ती गेली, आणि पोटातलं लेकरूही. रामसिंगचा पुतण्या पुन्हा अर्धा कोयता झाला.

दप्तर माझ्यावरच राहिलं. त्यावर धूळ बसली, उंदरानं कोपरा कुरतडला. एका संध्याकाळी ललिताबाई दिवा न लावताच देवापुढे बसली. "तुले सांगतलं होतं ना, पोरगी लहान हाय म्हणून? मंग तुनं काहून नाई सांगतलं ह्याइले?" आणि तीच थांबली. सांगायला तोंड देवानं तिलाच दिलं होतं.

यंदा रविना दहावीला गेली आणि रामसिंग परत आला. त्याच पुतण्यासाठी. "बहिणीच्या जागी बहीण. घर वळखीचं हाय," तो म्हणाला. किशननं मान खाली घातली. रीतीचा प्रश्न पुन्हा आला, पोरीच्या मायचं काय म्हननं हाय?

ललिताबाई उठली. तिचा हात माझ्याकडे आला. मला वाटलं, नेहमीचंच. पण तिनं दप्तर उतरवलं, झटकलं आणि रविनाच्या खांद्यावर अडकवलं.

"पोरगी भेटनार नाई."

"ललिते!" भुरीबाई ओरडली. "इचार कुठून आनला वं तुनं?"

"टांगला होता तिथूनच काढला."

त्या दिवशी तिनं नवऱ्याचा मार खाल्ला, पण शब्द मागे घेतला नाही. रामसिंग चहा न पिताच गेला. मग कोयत्याच्या पाठीनं ठोकून ठोकून तिनं मला सैल केलं आणि दोन्ही हातांनी उपसलं. माझ्याबरोबर भिंतीचं ढेकूळही आलं.

मित्रांनो, खुंटीवर छत्री टांगा, दप्तर टांगा. पण मनातलं खरं आणि देवाला पटेल असं जे असेल, ते कोणाच्या खुंटीला टांगू नका. ते जिभेजवळ ठेवा, वेळेवर सापडेल असं. ललिताबाईला ही जागा सापडली तेव्हा रीता नव्हती.

रविना चूल पेटवायला आली आहे. तिला शाळेची घाई आहे. माझी हरकत नाही. बाभळीचं लाकूड आहे मी, भाकरी लवकर होईल.